वाण्याची वही



आजच्या पहिल्या वाचनात आमोस संदेष्टा धान्याच्या व्यापाऱ्यांवर कडाडला आहे आणि शुभवर्तमानात प्रभू येशूने एका कारभाऱ्याच्या हिशेबाची गोष्ट सांगितली आहे. नोकरी जाणार हे कळताच तो कारभारी धन्याच्या कर्जदारांना एकेक करून बोलावतो. ज्याचे शंभर बुधले तेल देणे आहे त्याला पन्नास लिहायला लावतो, ज्याचे शंभर खंड्या गहू देणे आहे त्याला ऐंशी.

हा दाखला वाचला की आम्हाला वाण्याची वही आठवते.

आमच्या लहानपणी, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, वसईच्या गावांत बहुतेक घरांचा किराणा त्या लाल वहीवर चाले. दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी टांगलेली असे आणि तिच्याच खाली वही उघडी असे! आई सांगे, “शेठला म्हणावं, मांडून ठेवा.” शेठ वर्तमानपत्राच्या कागदात साखर बांधी, वरून लोंबणारा दोरा ओढून गुंडाळी, आणि पोराच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवी. केळी-भाजीचे पैसे हाती आले की हिशेब चुकता होई. वाऱ्याने केळी आडवी झाली तर ते शेठलाही ठाऊक असे. त्या महिन्यात तो विचारत नसे.

त्या वहीचे आम्ही उगाच गोडवे गाणार नाही. तराजूची दांडी कधी कधी शेठच्याच बाजूने झुके. कुणाची किती थकबाकी आहे हे सगळ्या आळीला कळे. एखादी गरीब बाई बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राही. छापील किंमत, सीलबंद पाकीट आणि हाती बिल आले तेव्हा त्या बाईची मान थोडी वर झाली, हे मान्य केले पाहिजे.

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधली फळी काढून टाकण्याची कल्पना मूळची अमेरिकेतली. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ हे दुकान काढले. तिथे गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलायचा होता. पण टोपली जड झाली की हात दुखे आणि खरेदी थांबे. म्हणून १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. घर चालवायला लागणाऱ्या वस्तूंना मर्यादा असते, पैसा मिळवण्याला नसते, असे तो म्हणतो. गोल्डमनच्या गाडीने नेमकी हाताची मर्यादा काढून टाकली.

आपल्याकडे १९९९ साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल सुरू झाला, २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान. तेव्हापासून खरेदी ही सहल झाली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आता तर दुकानच खिशात आले आहे. मिस्साच्या वेळीही ते कित्येकांच्या खिशात किणकिणते, हे आम्हाला वेदीवरून ऐकू येते!

‘मांडून ठेवा’ हे शब्द मात्र गेलेले नाहीत. आज आपण ते मोबाईलला सांगतो, हप्त्यावर फ्रिज आणि हप्त्यावर फोन. फरक एवढाच की केळी आडवी झाली हे त्या यंत्राला कळत नाही. ठरल्या तारखेला खात्यात पैसे नसले तर वर दंड बसतो. पन्नास लिही म्हणणारा कारभारी तिथे कुणी नाही. येशूने त्या कारभाऱ्याच्या लबाडीची नव्हे, शहाणपणाची वाखाणणी केली. वहीतल्या आकड्यांपलीकडे माणसे आहेत आणि उद्या त्यांच्याच दाराशी जायचे आहे, हे त्याने वेळीच ओळखले होते.

आमोसच्या काळातले व्यापारी शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहत, कारण त्या दिवशी धंदा बंद असे. आपल्याला वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रात २०१७च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळते, पण पाळीपाळीने. ती घरच्यांच्या सुट्टीच्या दिवशी येईलच असे नाही. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे. कोझिकोडच्या बायकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ साली कायदा बदलून त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. बसण्यासाठी कायदा करावा लागला, बंधूंनो!

रविवारी दुपारी जेवून आपण सहकुटुंब मॉलमध्ये जातो. तिथे बिल करणारी मुलगी पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामातली असते. पावती घेताना तिच्याकडे मान वर करून पाहा, नाव ठाऊक असेल तर नावाने हाक मारा, आणि तिच्या मागे स्टूल आहे का तेही बघा. नसेल तर मॅनेजरला तसे सांगायला हरकत नाही. गिऱ्हाइकाचे ते ऐकतात.

या मुलींना रविवारी येता येत नाही म्हणून त्या शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साला येतात. शेवटच्या बाकावर बसतात, आणि प्रवेशगीत सुरू होण्याआधी हळूच चपला काढून पाय फरशीवर टेकवतात.