लेकरांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३ : १२–१४



वीस वर्षांच्या वियोगानंतर याकोब व एसाव ह्यांची भेट झाली, तो प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले, आणि मग एसावाने सुचविले की आता मिळूनच पुढे जावे. एसावाबरोबर चारशे धडधाकट माणसे होती. याकोबाजवळ कोवळी मुले, बायका आणि पाजती जनावरे होती. एक दिवस जरी कळप दामटला तरी तो मरून जाईल, तेव्हा धन्याने पुढे व्हावे, आपण लेकरांस व गुरांस झेपेल अशा चालीने मागून येऊ, अशा भावार्थाचे उत्तर त्याने दिले. (थोरल्या भावाचे भय त्याच्या मनातून गेले नव्हते, आणि सेईरास येतो म्हणून तो गेलाच नाही, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु चालीविषयी तो बोलला ते खरेच होते.)

वाटेवरची चाल कोणाच्या बळावरून ठरवावी, हा प्रश्न आज आपल्या खेड्यांच्या दारी येऊन उभा राहिला आहे. पुष्कळ गावांच्या मधून आता रुंद डांबरी सडक गेली आहे. शाळा एका बाजूस, वस्ती दुसऱ्या बाजूस. रविवारी शब्बाथशाळेची मुले हातात हात घालून कडेला उभी राहतात आणि गाड्यांची रांग तुटण्याची वाट पाहतात. पाळकपणाच्या वर्षांत आम्ही अशा सडकेवर गेलेल्या तीन लेकरांच्या पेटीमागून कबरस्थानापर्यंत चाललो आहो. तिन्ही वेळा कोणी ना कोणी हलक्या आवाजात म्हणाले की देवाची इच्छा. पहिल्या दोन वेळा आम्हीही मान हालविली. तिसऱ्या वेळी ती हालेना.

कारण मोशेच्या नियमशास्त्रात देव ह्याविषयी निराळेच बोलला आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी खाली पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. पडणारा आपल्या पायाने वर गेला, हे निमित्त तेथे चालत नाही. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने प्रथमच मारिले तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे हे धन्यास कळविलेले असून त्याने तो बांधला नाही, तर दोष धन्यावर येतो. वेगाविषयी आपणांस कळविलेले नाही काय? २०२२ साली भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि सरकारच्याच अहवालाप्रमाणे त्यांतील सुमारे ७० टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती होते. बैल मारका आहे हे आता सर्वांस माहीत आहे.

वेगाचे गणित साध्या मनुष्यासही समजेल. ताशी ३० किलोमीटर चालणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर जाते, ५० ने चालणारी चौदा मीटर. मूल आडवे आले हे पाहून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातोच. कोरड्या सडकेवर पहिली गाडी तेरा-चौदा मीटरांत उभी राहते. त्याच जागी दुसरीचा ब्रेक नुकताच दाबला जात असतो, म्हणजे मूल तेथे असेल तर त्यास ती बहुतेक पुऱ्या वेगाने धडकते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताचे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. येहू कसा बेफाम रथ हाकतो हे पहारेकऱ्याने दुरूनच ओळखिले होते. परंतु त्याच्या रथाला दोन-चार घोडेच होते.

हॉलंड देशात १९७१ साली तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली व त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. त्याच वर्षी एका वर्तमानपत्रकाराची लहान मुलगी शाळेस जाताना गाडीखाली सापडली. बापाने शोक केला, आणि १९७२ साली एक लेखही लिहिला. त्या लेखाच्या मथळ्यावरून ‘बालहत्या थांबवा’ ह्या नावाची चळवळ उभी राहिली. डच भाषेतला तो शब्द बेथलेहेमात हेरोदाने केलेल्या बालवधासाठी वापरितात, तेव्हा तो ऐकून ख्रिस्ती लोकांच्या काळजास काय झाले असेल ह्याची कल्पना करावी. आईबापांनी रस्ते अडवून तेथे मुलांस खेळविले. १९७६ साली तेथील कायद्याने काही वस्त्यांतल्या रस्त्यांवर गाड्यांनी पायी चालणाऱ्याच्या चालीनेच जावे असे ठरविले. याकोबाचे बोलणे सरकारी कायद्यात उतरले, असे आम्हांस ते वाचून वाटले. जखऱ्या संदेष्ट्याने पाहिलेल्या यरुशलेमेच्या चौकांतही मुलेमुली खेळत आहेत. तो दृष्टान्त आम्ही आजवर केवळ स्वर्गाचा समजत आलो होतो.

वेल्सच्या मंडळ्यांनी पाठविलेला मिशनरी १८४१ साली खासी टेकड्यांत पोहोचला. त्याच वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील रस्त्यांची सामान्य मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरांवर आणिली. लोक प्रसन्न झाले असे नव्हे. एकतीस लाखांच्या त्या देशात साडेचार लाखांहून अधिक सह्यांचा विरोधी अर्ज गेला, आणि पुढे काही रस्त्यांवर जुनी मर्यादा परत द्यावी लागली. तरी अपघातांत जखमी होणारे व मरणारे कमी झाले. मिनिट-दोन मिनिटांचा उशीर मनुष्यास किती झोंबतो, हे मात्र दिसले.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी आमचेही सांगणे अवश्य आहे. रविवारी आम्हांस तीन गावी उपासना चालवावयाची असते. एकदा पहिल्या गावी उपदेश लांबला आणि आम्ही दुसऱ्या गावची वाट मोटरसायकलीवर फार वेगाने कापली. वेशीजवळ एक म्हातारी शेळी सोडून मागे कोलमडली. तिला लागले नाही. ती उठली, आमच्या झग्याची पिशवी पाहिली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, देव कुठं पळून चाललाय का?” त्या दिवशी शेजारप्रीतीवरचा तयार उपदेश आम्हांस देववला नाही.

आता करावयाचे काय? मूल दगावले की गावकरी रास्ता रोको करितात आणि रातोरात मातीमुरुमाचा उंचवटा घालितात. त्या बिनरंगी उंचवट्यावर अंधारात दुचाकीवाले पडतात, हेही आम्ही पाहिले आहे. गतिरोधक हवाच, परंतु तो ठरलेल्या मापाचा, रंगविलेला व आधी सूचनाफलक असलेला हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाप्रमाणे लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या ठिकाणी कमी वेगमर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारास व त्याने नेमिलेल्या अधिकाऱ्यास आहे. तशी अधिसूचना निघून फलक लागले पाहिजेत. म्हणजे मागणारा पाहिजे. सलाफहादाच्या मुलींनी मोशेपुढे उभे राहून मागितले, आणि लूकाच्या १८ व्या अध्यायातील विधवेने तर अन्यायी न्यायाधीशाची पाठ सोडिली नाही.

पुष्कळ गावी २६ जानेवारीस ग्रामसभा भरते. त्यापूर्वी पाळकांनी व वडिलांनी शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडीच्या ताई व सरपंच ह्यांस भेटावे. मुले कोठे ओलांडतात, त्या जागेपासून शाळा व प्रार्थनामंदिर किती पावलांवर आहे, आणि मागील पाच वर्षांत तेथे कोण पडले, हे एका कागदावर लिहून घ्यावे. ठराव आपल्या मंडळीचा नसावा, सबंध गावाचा असावा. मृत्यू तेथे कोणाची जात वा धर्म विचारीत नाही. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्याकडे व रस्ता ज्या खात्याचा असेल त्याकडे द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर न आल्यास महिन्याने पुन्हा जावे. तोवर मंडळीतील तरुणांनी, ट्रॅक्टरवाल्यांनी आणि आम्हां पाळकांनीही वेशीतून आत येताना गाडीचा वेग उतरवावा. फलक लागण्याची वाट पाहू नये. आम्ही आमच्या तीन गावांतील उपासनांच्या वेळा अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे सारिल्या आहेत. येत्या रविवारपासून दुसऱ्या गावी घंटा साडेदहास होईल.