शिव्या खाणारी भांडी

माणसाला 'माठ' म्हणायची पद्धत इतर कुठेही पडली असती तरी मी समजू शकलो असतो. पण नागपुरात ती कशी टिकली, हे कोडं मला उलगडत नाही. कोकणातल्या माणसानं म्हणावं. त्याच्याकडे हवाच मुळी ओली, माठातलं पाणी तिथं मनासारखं गार होत नाही, तेव्हा त्याचा राग आपण एक वेळ पोटात घालू. पण मे महिन्यात पारा 45च्या पुढे सरकलेला असताना, इतवारीतून भर दुपारी 2 वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून आलेला नागपूरकर घरात शिरतो तो आधी माठाकडे धावतो. दोन पेले पाणी घशाखाली उतरवतो, जीव थाऱ्यावर आणतो, आणि मग गणितात गटांगळ्या खाणाऱ्या चिरंजीवांकडे वळून म्हणतो, "माठ आहेस का बे?"

अहो, असता तर बरंच झालं असतं की!

माठाची अक्कल कधी नीट पाहिली आहे? अंगावरच्या बारीक छिद्रांतून तो थोडं थोडं पाणी बाहेर पाझरू देतो. ते पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. म्हणजे स्वतः घाम गाळायचा आणि दुसऱ्याला गार ठेवायचं. हवा जितकी कोरडी, तितका हा जोमानं कामाला लागतो. पावसाळा आला, हवा ओलसर झाली, की तोही काम आवरतं घेतो. गरज असेल तेव्हा काम आणि नसेल तेव्हा विश्रांती, हा हिशेब आमच्या कचेरीत बरोबर उलटा चालायचा. आणि एक गंमत सांगतो. माठाला वरून चकचकीत रंग फासा; छिद्रं बुजतात, माठ दिवाणखान्यात ठेवण्याजोगा दिसतो आणि पाणी मात्र कोमट. माणसांतही असे रंगवलेले माठ पुष्कळ. त्यांना कुणी माठ म्हणत नाही, 'साहेब' म्हणतात.

कोशवाले पंडित लगेच सरसावून बसतील, की शिवीतला माठ निराळा आणि पाण्याचा निराळा. असेलही बुवा. पण शिवी देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोश नसतो, मडकंच असतं.

या माठाच्या निमित्तानं मी घरातल्या वस्तूंची जरा जनगणना केली. निष्कर्ष असा, की जी वस्तू जास्त राबते ती शिवीत जाते. चमचा, पायपुसणं, पोतेरं, खराटा, ठोकळा, पाटावरवंटा. आणि स्तुतीत कोण? हिरा, मोती, रत्न, सोनं. हिऱ्यानं आजवर कुणाची तहान भागवलेली नाही की मोत्यानं कुणाचं अंगण झाडलेलं नाही. तरी पोरगा हुशार निघाला की तो हिरा! 'आमचा मुलगा म्हणजे अगदी घरातलं घमेलं हो,' असं म्हणणारा बाप मला अजून भेटायचा आहे. वास्तविक घर बांधताना हिरा किती उपयोगी पडतो आणि घमेलं किती, हे कुठल्याही गवंड्याला विचारा.

इंग्रजांकडे तरी काही निराळं असेल म्हणून तिकडेही डोकावलो. त्यांच्यात माणूस मेला की त्यानं बादलीला लाथ मारली म्हणतात. मरतानासुद्धा लाथ बादलीलाच! दबून वागणाऱ्या माणसाला तेही पायपुसणंच म्हणतात. म्हणजे पायपुसण्याच्या बाबतीत राज्यकर्ते आणि प्रजा यांचं पहिल्यापासून एकमत होतं. चमच्याचं मात्र जमलं नाही. त्यांच्याकडे श्रीमंताच्या घरचं मूल तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्माला येतं. आपल्याकडे चमचा स्वतःच जन्माला येतो आणि साहेबाच्या बदलीपर्यंत जगतो.

या चमच्यावर कांशीराम यांनी 1982 साली, पुणे कराराला 50 वर्षं झाली तेव्हा, एक पुस्तकच लिहिलं. त्यात चमचा म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं हत्यार. राजकारणातलं मला फारसं कळत नाही, पण 'दुसऱ्याच्या हातातलं' हे शब्द माझ्या डोक्यात रुतून बसले. कारण चमच्यावर हसताना आपण हाताकडे पाहतच नाही. 1785 साली कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं सांगून ठेवलं, की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. भल्या माणसानं अगदी बरोबर सांगितलं. पण साधनालाच शिवी ठरवून टाकणाऱ्या भाषेत हे पटवायचं कसं? आपण आधी राबणाऱ्या वस्तूला हलकं ठरवतो आणि मग राबणाऱ्या माणसाला त्या वस्तूचं नाव देतो. काम फत्ते!

'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण घ्या. ही म्हण वहाणेबद्दल कधीच नव्हती. वहाण डोक्यावर घालून कोण फिरतो? ती सुनेसाठी होती, गड्यासाठी होती, आणि सगळ्यात जास्त, ज्यांच्या हातांनी वहाण बनत असे त्यांच्यासाठी होती. बरं, वहाण निदान उंबऱ्यापर्यंत तरी यायची. बनवणाऱ्याला तेवढीही मुभा नव्हती.

पण या विदर्भाच्या मातीत एक उलटा प्रकारही घडला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले डेबूजी घर सोडून निघाले तेव्हा बरोबर काय घेतलं, तर एक फुटकं गाडगं आणि एक खराटा. गाडग्यात जेवायचं, तेच डोक्यावर टोपीसारखं घालायचं. खराट्यानं आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांची डोकी. लोक गाडगेबाबा म्हणू लागले. आमच्या माठाचा हा धाकटा, फुटका भाऊ. पण तो नावात जाऊन बसला. 1956 साली बाबा गेले. 1983 साली नागपूर विद्यापीठातून फुटून निघालेलं अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांच्या नावानं चालतं. आणि नागपूरचं विद्यापीठ कुणाच्या नावानं? तुकडोजी महाराजांच्या, त्या नावात भाकरीचा तुकडा आहे. एका विद्यापीठावर गाडगं, दुसऱ्यावर तुकडा, आणि आतले प्राध्यापक विद्यार्थ्यांना म्हणतात माठ! हिऱ्यामोत्यांच्या नावाची विद्यापीठं असतील कुठं तर असोत.

हा सगळा सिद्धांत जुळून आल्यावर मी फार खुशीत होतो. तो पहिल्यांदा ऐकवला माझ्या मावशीला. महालातल्या एका मोठ्या वाड्यात तिनं 40 वर्षं एकत्र कुटुंबाचा रगाडा ओढला, आणि आता उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे येते. बोलता बोलता ती म्हणाली होती, "माझं तं पोतेरं केलं रे त्या घरानं." तक्रारीचा सूर नव्हता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. मी लगेच खुर्ची पुढे ओढली. तिला म्हटलं, मावशी, पोतेरं ही काही वाईट वस्तू नाही. चूल सारवायची ती त्यानंच. ते नसतं तर तुमच्या वाड्यात एक दिवस सोवळ्यात स्वयंपाक झाला नसता. खरा मान त्याचाच. मग माठ सांगितला, खराटा सांगितला, कांटसुद्धा सांगितला. गाडगेबाबांपाशी आल्यावर तिनं हात जोडले, म्हणून मला वाटलं, पटलं.

मावशीनं लसूण सोलत सगळं ऐकून घेतलं.

"मोठं चांगलं सांगून राहिला रे तू," ती म्हणाली. "पण गाडगेबाबानं खराटा आपल्या हातात घेतला होता. माझ्या हाती कोणी विचारून दिला होता काय पोतेरं?"

मी काही तरी बोलणार, तेवढ्यात ती उठली. आमच्या घरात आता चूलही नाही आणि पोतेरंही नाही; फरशी पुसायचं एक फडकं मात्र आहे. ते कुठं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मावशीला होतं.

"घे," ती म्हणाली, "मानाचं आहे ना?"