नाव तेच, माणूस दुसरा

सारख्या नावाची दोन माणसे एकत्र आली म्हणजे त्यांना वेगळे कसे ओळखावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या उत्तरात माणसाच्या न्यायबुद्धीची परीक्षा असते, असे मला वाटते.

माझे कादंबरीलेखन हल्ली संगणकावर, ‘ईमॅक्स’मध्ये चालते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली ‘जीएनयू ईमॅक्स’ प्रथम लोकांना दिला. त्यात उघडलेला मजकूर ज्यात राहतो, त्याला ‘बफर’ म्हणतात. बफरला फाइलीचेच नाव मिळते. मात्र दोन बफरांना एकच नाव चालत नाही. माझ्या तर प्रत्येक कादंबरीच्या कप्प्यात एक ‘प्रकरण-१’ असतेच! पूर्वीच्या रीतीप्रमाणे आधी उघडलेले ‘प्रकरण-१’ आणि मागून आलेले ‘प्रकरण-१<२>’. दुसरी रीत उपलब्ध होती. पण २०१४ सालच्या २४.४ या आवृत्तीपासून ती आपोआप लागू झाली. आता एक होते ‘प्रकरण-१<वाडा>’ आणि दुसरे ‘प्रकरण-१<घाट>’.

यात मोठेसे काय, असे आपण म्हणाल. पण ‘दोन’ हा आकडा त्या लेखनाविषयी काय सांगतो? ते उशिरा आले, एवढेच. पहिले निघून गेले तरी दुसरे बिचारे दुसरेच राहते!

आम्हां मास्तरांना हे परिचयाचे आहे. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाचे नाव वर्गातल्या एखाद्याशी जुळले, की तो ‘नवा’ ठरतो. पुढे वडिलांच्या बदलीमुळे जुना गाव सोडून जातो. हा मात्र मॅट्रिकपर्यंत ‘नवा’च. आपल्या गावांचेही तसेच. एक बुद्रुक, एक खुर्द. म्हणजे फारसीतले थोरला आणि धाकटा. खुर्दाची वस्ती पुढे कितीही वाढो, नावातले धाकटेपण सुटत नाही.

मग ज्याच्या त्याच्या ठिकाणावरून ओळखावे, हे बरे नव्हे काय? बरे खरे, पण त्यातही धोका आहे. आपल्याकडे ‘कुठला?’ या प्रश्नामागून ‘कुणाचा?’ येतो आणि तो जातीपाशी जाऊन थांबतो. ओळखीसाठी विचारलेला प्रश्न पायरी दाखविण्यासाठी वापरला जातो.

म्हणून त्या यंत्राच्या रीतीतल्या तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. खूण दोघांनाही लागते, एकट्या मागाहून आलेल्याला नाही. फरक कळण्यापुरताच पत्ता ती सांगते. सगळी वंशावळ उकरीत नाही. आणि दोघांपैकी एक मिटले, की उरलेल्याला त्याचे साधे नाव परत मिळते. गरज संपली, खूण संपली. माणसांना लावलेल्या खुणा आपण इतक्या सहज कधी पुसतो?

दिवाळीला घर भरते. एकाच नावाची दोन पोरे एकाच ताटाभोवती जमतात. हाक मारताना ‘पुण्याचा’ आणि ‘साताऱ्याचा’ जरूर म्हणावे. पण ‘काळा’ आणि ‘गोरा’, ‘हुशार’ आणि ‘दुसरा’ असे म्हणू नये. फराळ संपतो, पाहुणे पांगतात. हाक मात्र पोराबरोबर जन्मभर जाते.