गेलेली जमीन, उरलेली जमीन

रस्तारुंदीत जमीन जाते ती सहसा सगळी जात नाही. धरणात गाव बुडतं, विमानतळाखाली शिवार जातं. रस्ता मात्र पट्टी कापून नेतो. घराचा ओटा, दुकानाची पुढची खोली, कोकणात रस्त्याकडची माडांची रांग. मागे काहीतरी उरतं. मोबदल्याची चर्चा मात्र गेलेल्या पट्टीच्या दराभोवतीच फिरते. उरलेल्या जमिनीचं काय झालं आणि शेजाऱ्याच्या जमिनीचं काय झालं, हे प्रश्न जुन्या कायदेकारांना पडले होते. आपण ते वाटेत टाकून दिले, असं मला वाटतं.

मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने आयुक्तांना रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवण्याचा अधिकार दिला. रेषा पडली की तिच्या आत नवं बांधकाम नाही. जुनी इमारत पाडली, जळाली किंवा कोसळली की तेवढी जागा रस्त्यात. पैसे मिळणार ते जागा घेतल्यावर. रेषा आखल्यापासून जागा जाईपर्यंत एखादी पिढी सरू शकते, आणि तेवढा काळ घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक आधी रेषेचीच चौकशी करणार. या ताटकळण्याची किंमत कुणी धरली नाही. पण एक गोष्ट धरली: सेटबॅकमुळे, म्हणजे बांधकाम रेषेपर्यंत मागे घ्यावं लागल्यामुळे, उरलेल्या मालमत्तेचा भाव वाढला किंवा घटला, तर तो फरक भरपाईत हिशेबाला घ्यायचा. महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांच्या 1949 च्या कायद्यातही हीच तरतूद आली.

मुंबईच्या त्या कायद्यानंतर सहाच वर्षांनी, 1894 चा भूसंपादन कायदा आला आणि त्याने वेगळं गणित मांडलं. बाजारभाव, उभी पिकं आणि झाडं, जमिनीचे तुकडे पडल्याने उरलेल्या भागाचं नुकसान, आणि सक्तीने घेतल्याबद्दल बाजारभावावर 15 टक्के दिलासा रक्कम. मात्र प्रकल्पामुळे मालकाच्या उरलेल्या जमिनीचा भाव चढणार असेल, तर ती वाढ अजिबात विचारात घ्यायची नाही. म्हणजे तोच रस्ता, तीच पट्टी. पालिकेने सेटबॅक म्हणून घेतली तर चढलेला भाव भरपाईतून वजा होऊ शकतो, जिल्हाधिकाऱ्यांनी संपादली तर होत नाही.

दोन्ही गणितांत एक माणूस कुठेच नाही: मागच्या घराचा मालक. पुढचं घर पूर्ण गेलं की काल गल्लीत असलेलं त्याचं घर आज हमरस्त्यावर येतं. त्याने इंचभर जमीन दिलेली नसते. रस्त्याने निर्माण केलेल्या किमतीचा सर्वात जाड वाटा त्याला मिळतो. पालिकेचा हिशेब वाढ धरतो खरा, पण धरतो फक्त त्याच्याकडून ज्याची जमीन आधीच कापली गेली आहे. हे मला सर्वात अन्याय्य वाटतं.

1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने नेमकं हेच हेरलं होतं. एका टापूतल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या. रस्त्यासाठी प्रत्येकाने थोडी जमीन द्यायची. प्रत्येकाला नव्या आकाराचा, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत मिळायचा. आणि योजनेमुळे वाढलेल्या किमतीतून सगळ्यांकडूनच काही वाटा वसूल करायचा. देणारा आणि मिळवणारा वेगळे राहतच नाहीत. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले इथल्या वस्त्या अशा योजनांतून आखल्या गेल्या. पुढे गुजरातने हा मार्ग नेटाने चालू ठेवला; अहमदाबादच्या सरदार पटेल रिंग रोडसाठी त्याचाच आधार घेतला गेला. महाराष्ट्रात तो मागे पडला. योजना मंजूर व्हायला वर्षानुवर्षं लागत हे खरं, पण संपादनाचे दावे तरी कुठे लवकर निकाली निघतात?

स्वातंत्र्यानंतर वाद दुसऱ्याच पातळीवर गेला. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या एका खटल्यात सांगितलं की भरपाई म्हणजे मालकाने जे गमावलं त्याची पूर्ण किंमत. संसदेपुढे जमीनदारीचा प्रश्न होता. त्या दराने जमीन वाटप परवडणारं नव्हतं. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने भरपाई पुरेशी आहे की नाही हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार काढला, 1971 च्या पंचविसाव्या दुरुस्तीने कुंपण आणखी उंच केलं, आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून उचलून 300-अ या कलमात ठेवला. जमीनदारांसाठी बांधलेल्या या तटबंदीत दहा फुटांच्या दुकानाचा मालकही अडकला. सरकारी यंत्रणेच्या सवयीही त्या काळात घडल्या असाव्यात. हिमाचलमध्ये 1967-68 च्या सुमारास एका निरक्षर विधवेची जमीन कोणतीही प्रक्रिया न करता रस्त्यात घेतली गेली. सरकारने पुढे कोर्टात सांगितलं की इतकी वर्षं ताबा आमचा आहे, तेव्हा जमीन आमचीच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळून भरपाई द्यायला लावली, तेव्हा त्या बाई ऐंशीच्या घरात होत्या.

या काळात समतेचा एक धागा मात्र टिकला, आणि तो नागपूरहून निघाला. नागपूर सुधार प्रन्यासाच्या कायद्याखाली जमीन घेतली तर 15 टक्के दिलासा रक्कम मिळत नसे. सर्वसाधारण कायद्याखाली घेतली तर मिळे. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमीन कोणत्या कायद्याने गेली याच्याशी मालकाला देणंघेणं नाही. त्याचं नुकसान तेवढंच. इतका सरळ निकाल असूनही 1997 मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा महामार्गासाठी जमीन देणाऱ्यांची दिलासा रक्कम पुन्हा कापली गेली. ती तरतूद घटनाबाह्य ठरायला 2019 उजाडलं, आणि न्यायालयाने आधार घेतला तो त्याच नागपूरच्या निकालाचा.

2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने आकडे मोठे केले. दिलासा रक्कम 100 टक्के झाली, ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक आला. म्हणजे जास्तीत जास्त चौपट. समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदी करताना त्यावर आणखी 25 टक्के दिले गेले. हे स्वागतार्हच. पण गुणायचा मूळ आकडा येतो रेडी रेकनरमधून नाहीतर आसपासच्या खरेदीखतांतून, आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची आपली जुनी रीत. गावाने वाचवलेले पैसे निवाड्यात व्याजासकट परत जातात.

शहरांत रोख रकमेऐवजी टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणाऱ्या विकास हक्काचा, कागद आला; मुंबईत 1991 च्या नियमांपासून. पालिकेला पैसा काढावा लागत नाही म्हणून तो लाडका. मोठ्या भूखंडवाल्याला तो फायद्याचाही ठरतो. पण ज्याची दोन मीटरची पट्टी गेली त्याने एवढासा टीडीआर कुणा बिल्डरला, कोणत्या भावाने विकायचा? शिवाय तो निघतो मालकाच्या नावावर. रस्त्याकडच्या गाळ्यात तीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा पागडीवाला भाडेकरू त्या कागदावर नसतो. 2013 च्या कायद्याने जमिनीवर पोट असलेल्या भाडेकरूला बाधित कुटुंबात धरलं. पण सेटबॅक जातो पालिका कायद्याच्या वाटेने, आणि तिथे हिशेब मालकाशीच होतो. नागपूरच्या निकालाची कसोटी या भाडेकरूलाही लावून पाहायला हवी. कोणत्या कायद्याने गाळा गेला याच्याशी त्याला काय देणंघेणं?

आणि मागच्या घराच्या मालकाकडे तर अजून कुणी गेलेलंच नाही. रस्ता झाल्यावर त्याच्या मिळकतीचा रेडी रेकनर दर चढतो. त्या चढलेल्या दरातला एक हिस्सा पुढच्या, पट्टी गमावलेल्या शेजाऱ्याच्या मोबदल्यासाठी राखून ठेवणं हिशेबाला कठीण नाही.