ऋणाचा वारसा आणि दंडाचा वारसा

चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये, हे तत्त्व कोणासही मान्य होण्यासारखे आहे. परंतु अपराधी म्हणून एखादी व्यक्ती नव्हे तर संस्था उभी असेल, आणि अपराध करणारे चालक जाऊन नवे आले असतील, तर चोर कोण व संन्यासी कोण? या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडातील ल्यूटन टाउन या फुटबॉल क्लबाचा सन २००८-०९ चा हंगाम आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो.

ल्यूटन हे लंडनच्या उत्तरेचे, एकेकाळी टोप्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १८८५ साली स्थापन झालेल्या तेथील क्लबाने १९८८ साली बलाढ्य आर्सेनलला हरवून लीग चषक मिळविला होता. पुढे तो कर्जात बुडाला, आणि २००८ साली नव्या चालकांच्या हाती आला तेव्हा चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला होता. हंगामाचा पहिला सामना होण्यापूर्वीच त्याचे ३० गुण वजा करण्यात आले. पैकी १० गुण, पूर्वीच्या चालकांनी दलालांना नियमबाह्य पैसे दिले म्हणून फुटबॉल असोसिएशनने कापले. उरलेले २०, दिवाळखोरीतून बाहेर पडताना धनकोंशी नियमाप्रमाणे करार झाला नाही म्हणून फुटबॉल लीगने कापले. एका विजयाचे ३ गुण. म्हणजे १० सामने जिंकावे तेव्हा कोठे शून्यावर यावे!

लीगची बाजू पोकळ होती असे मात्र कोणी समजू नये. चालक बदलताच सारे पाप धुऊन निघत असेल, तर परक्याच्या पैशावर संघ पोसावा, देणी बुडवावी आणि नव्या नावाने मोकळे व्हावे, हाच धडा इतर क्लब घेतील; आणि पैपैचा हिशेब ठेवून गरिबीत खेळणारा क्लब मूर्ख ठरेल. शिवाय १९८८ चा चषक ‘आमचा’ म्हणणाऱ्याने मागील कर्ज मात्र ‘त्यांचे’ म्हणावे, हेही न्यायाचे नाही. वारशात जमेबरोबर नावेही येतेच.

तथापि आमच्या स्मृतिकारांनी येथे एक मार्मिक भेद केला आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा त्यांचा सामान्य नियम; परंतु मद्यपान व द्यूत यांपायी झालेले ऋण आणि पित्यास झालेल्या दंडाची बाकी पुत्राने देऊ नये, असे याज्ञवल्क्य सांगतो. ऋण फेडल्याने ज्याचे बुडाले त्याला त्याचे परत मिळते. दंडाने केवळ अपराध्यास शासन होते. या कसोटीवर पाहता, कापलेल्या ३० गुणांतून एकाही धनकोच्या पदरी एक पेनी पडली नाही. नव्या चालकांकडून देणी वसूल केली असती आणि जुन्या चालकांस शासन केले असते, तर ते न्याय्य झाले असते. प्रत्यक्षात ऋणाच्या नावाखाली दंडच वारसांच्या माथी मारला गेला.

त्या वारसांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी ४६ सामन्यांत ५६ गुण कमावले. एवढ्यावर ते निश्चित तरले असते. वजाबाकीनंतर उरले २६, आणि स्थान अगदी तळाचे. त्यातच ५ एप्रिल २००९ रोजी वेम्बलीवर, एक श्रेणी वरच्या स्कंथॉर्प संघास ३-२ असे हरवून त्यांनी फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. गावचे सुमारे ४० हजार लोक तेथे लोटले होते. अवघ्या आठ दिवसांनी त्यांचे लीगमधून बाहेर जाणे निश्चित झाले.

पुढे २०१४ साली हा क्लब लीगमध्ये परतला आणि २०२३ साली एका हंगामापुरता का होईना, सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. यावरून ‘शिक्षा हितकरच झाली’ असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. सोसणाऱ्याच्या धैर्याचे श्रेय शिक्षा देणाऱ्याकडे जात नाही. संस्था अमर असावी असे वाटत असेल, तर तिची देणीही अमर असली पाहिजेत. पण अपराध ज्याचा, दंड त्याच्याबरोबरच संपला पाहिजे.