घरात काय बोलता?

1912 साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने ‘नियम 17’ काढला आणि पहिल्या दोन इयत्तांपुढे फ्रेंचमधून शिकवायला मनाई केली. 1916 मध्ये ऑटावाच्या गिग शाळेत फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शिक्षिकांना कोणी हुसकावू नये म्हणून आया दारात पहाऱ्याला उभ्या राहिल्या, हातात टोपीला खोचायच्या लांब टाचण्या घेऊन. लढाई होती, पण भाषेबद्दल मनात धाकधूक नव्हती. गाव आपलं, चर्च आपलं, घरात पोरं भरपूर. मग भाषा जाईल कुठे?

धाकधूक आकड्यांनी आणली. 1960 च्या दशकात जन्मदर उतरला, तरुण शहरात गेले, इंग्रजी घरांशी सोयरिकी जुळल्या. रिचर्ड जॉय या अभियंत्याने 1967 मध्ये जनगणनेचे तक्ते मांडून दाखवलं की फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांत आणि त्याला लागलेला पट्टा सोडला तर कॅनडातली फ्रेंच ओसरत जाणार. 1971 च्या जनगणनेने मातृभाषेसोबत घरात सर्वांत जास्त कोणती भाषा बोलता हेही विचारलं, आणि दोन उत्तरांमधली फट उघडी पडली. 1990 मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉजे बेर्नार यांनी फ्रेंच-कॅनडियन युवकांच्या महासंघासाठी हेच आकडे तपासले. द्वैभाषिक तरुण म्हणजे त्यांच्या लेखी इंग्रजीकडे निघालेला वाटसरू.

हे मला पुरतं पटत नाही. कॅनडाच्या 1982 च्या हक्कसनदेतल्या कलम 23 मुळे, पुरेशी मुलं असतील तिथे, फ्रेंच शाळा हा पालकांचा हक्क झाला. त्यासाठी आई किंवा वडील, एकाची मातृभाषा फ्रेंच असली तरी पुरे. शाळा मिश्र घरांतल्या मुलांनी भरू लागल्या. संशोधक दियान जेरँ-लाजुआ यांनी ऑन्टॅरिओतल्या अशा मुलांचा जवळून अभ्यास केला आणि 2003 च्या पुस्तकात प्रश्नच फिरवला: दोन्ही भाषांचं असणं हा वाटेतला थांबा कशावरून? मुक्कामही असू शकेल.

पूर्व कॅनडातल्या मंक्टन शहरातल्या फ्रेंच पोरांची ‘शियाक’ बोली ऐका. इंग्रजी ‘पार्क’ उचलून ती त्याला सरळ फ्रेंच क्रियापदाचा प्रत्यय लावतात: ‘पार्के’. आपण ‘गाडी पार्क केली’ म्हणतो तेव्हा मराठी सोडतो का?

2001 च्या जनगणनेत आणखी एक ओळ आली: घरात नियमित बोलल्या जाणाऱ्या इतर भाषा कोणत्या? आईशी फ्रेंच आणि बाकी सगळ्यांशी इंग्रजी बोलणारी मुलगी 30 वर्षं घरच्या भाषेच्या तक्त्यात नुसती इंग्रजी होती. त्या ओळीत ती पहिल्यांदा दिसली.

तरीही बेर्नारांची भीती खोटी म्हणवत नाही. 2021 मध्ये क्वेबेकबाहेर फ्रेंच ही पहिली अधिकृत भाषा असणारे 3.3 टक्के उरले. हक्क असलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं फ्रेंच शाळेत कधी बसलीच नव्हती. माझा जीव अडकतो तो तिथे. फ्रेंच माध्यमिक शाळा बसने तासभर लांब, इंग्रजी शाळा कोपऱ्यावर, आणि सगळे मित्र तिथेच. बारा वर्षांच्या पोराने काय करावं?