तू आणि तुम्ही

या देशात आल्यावर मला सर्वांत जास्त त्रास कशाने झाला असेल, तर एका लहानशा शब्दाने. हिब्रूत वडीलधाऱ्या माणसासाठी 'तुम्ही' नाही. समोर पाच वर्षांचे मूल असो की सत्तर वर्षांचे प्रोफेसर, पुरुषाला 'अता' आणि स्त्रीला 'अत'. म्हणजे सगळ्यांना 'तू'च.

मी १९८१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मुंबईहून आलिया केली. शिक्षण भायखळ्याच्या मराठी शाळेत आणि नर्सिंगही मुंबईतच झाले. उलपानमधल्या आमच्या शिक्षिका माझ्या आईच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आपले नाव फळ्यावर लिहून सांगितले, "मला याच नावाने हाक मारा." मला ते जमेना. आठवडाभर मी त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचे असले की नुसता हात वर करून बसायची. पुढे रुग्णालयात नोकरी लागली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना झाडूवालाही नावाने हाक मारताना पाहिला. मला वाटले, या लोकांना मानमर्यादा म्हणून काही शिकवलेलीच नाही.

परक्या मुलखात गेलेल्या माणसाने तेथील रीतीशी जुळवून घ्यावे, असे सगळेच सांगतात. ते खरेही आहे. खाणे, हवामान, भाषा, कचेरीतल्या रांगा, यांच्याशी जुळवून घ्यायला कष्ट पडतात, पण त्यात पापपुण्याचा प्रश्न येत नाही. खरी अडचण येते ती आपण ज्याला चांगले वागणे समजतो तेच येथे चूक ठरते तेव्हा. अशा वेळी माणसाने आपला चांगुलपणा सोडावा की धरून ठेवावा? हा प्रश्न माझ्यासमोर एकदा असा उभा राहिला, की त्याचे उत्तर शोधण्यात माझी पुढची सगळी नोकरी गेली.

गोष्ट १९८९ सालची. आमच्या वॉर्डात आपल्या समाजातील एक वृद्ध बाई दाखल झाल्या. मूळच्या अलिबागकडच्या. हिब्रूचे दोनचार शब्द सोडले तर बोलणे सगळे मराठीत. मी त्यांना मावशी म्हणायची आणि त्या मला 'बाय' म्हणायच्या. तपासण्या झाल्या, पोटातली गाठ कर्करोगाची निघाली, आणि ऑपरेशन करण्याची वेळ निघून गेली होती. डॉक्टर त्यांच्याशी बोलायला आले आणि दुभाषी म्हणून त्यांनी मला बोलावले. त्यापूर्वीच मोठ्या मुलाने मला व्हरांड्यात गाठून हात जोडले होते. "सिस्टर, आईला काही सांगू नका. ती हाय खाईल."

यात मला गैर काहीच वाटले नाही. मुंबईत आम्ही हेच करत असू. आजार काय आहे ते घरच्या पुरुषांना सांगायचे आणि रोग्याला धीर द्यायचा. माझ्या आजोबांनाही शेवटपर्यंत 'गॅसेसचा त्रास' एवढेच माहीत होते. डॉक्टर पलंगाच्या कडेला बसून सगळे स्पष्ट सांगत होते. दवाखान्यात राहायचे की घरी जायचे, राहिलेल्या दिवसांत त्यांना काय करायचे आहे, असे विचारत होते. मी मराठीत सांगितले, "मावशी, तुमच्या पोटाला सूज आहे. औषधाने उतरेल. काळजी करू नका." मावशींनी मान हलवली. मी डॉक्टरांना सांगितले की, त्यांना समजले, त्या घरी जाऊ इच्छितात.

पाच आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांना उठून बसण्याचेही बळ नव्हते. रात्रपाळीला मी त्यांचे अंग पुसत असताना त्या म्हणाल्या, "बाय, तू मला तेव्हा खरं सांगितलं नाहीस ना?"

मी काही बोलले नाही.

"मला तेव्हाच शंका आली होती. तो डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होता आणि तू जमिनीकडे बघून." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एलियाहू हन्नाबीचा माझा नवस राहिला होता. मलिदा माझ्या हातानं करायचा होता. ठाऊक असतं तर त्याच आठवड्यात केला असता."

मुलांनी नंतर घरी मलिदा केला. पोहे, नारळ, साखर, वेलची, फळे, सगळे रीतसर होते. पण नवस मावशींचा होता, आणि ते पोहे भिजवायला त्यांचे हात नव्हते. ते पाच आठवडे मी त्यांच्याकडून काढून घेतले, आणि तेही त्यांना 'तुम्ही' म्हणत म्हणत.

मी मनाची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. आपल्या शास्त्रात साराची गोष्ट आहे. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती मनात हसली आणि आपला नवरा म्हातारा झाला आहे असे म्हणाली. पण परमेश्वराने अब्राहामाला ते सांगताना, ती स्वतःला म्हातारी म्हणाली, असे सांगितले. तालमुदातील ज्ञानी लोक यावरून म्हणतात की, घरात शांती राहावी म्हणून शब्द थोडा बदलला तरी चालतो. हा आधार मी बरीच वर्षे धरून ठेवला. मग एके दिवशी मनात आले, माझ्या खोटेपणाने शांती कोणाला मिळाली? मुलांना मिळाली, कारण त्यांना आईचे रडणे पाहावे लागले नाही. मला मिळाली, कारण कठीण शब्द उच्चारावा लागला नाही. मावशींना काय मिळाले?

१९९६ साली येथे रोग्यांच्या हक्कांचा कायदा झाला. रोग्याला त्याचा आजार आणि उपचार समजावून सांगणे व त्याची संमती घेणे बंधनकारक झाले. माहिती दिल्याने रोग्याला गंभीर अपाय होईल असे डॉक्टरांना वाटले, तरी ती लपवण्यासाठी नीतिविषयक समितीची मान्यता लागते. ही माहिती आम्हा नर्सेसना वर्गात दिली, तेव्हा सात वर्षांपूर्वीचा तो पलंग माझ्या डोळ्यांसमोर आला.

पण वाचकहो, येथील लोकांचे सगळेच बरोबर, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या तोंडावर बोलण्याला ते 'दुग्री' म्हणतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. एकदा एका तरुण डॉक्टरने एका म्हाताऱ्या माणसाला दारात उभे राहूनच, घड्याळाकडे पाहत, सगळे सांगून टाकले. सांगितले ते खरेच होते. म्हातारा मात्र एकटाच भिंतीकडे पाहत बसला. सत्य सांगितले की काम संपले, असे त्या डॉक्टरला वाटले. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले, चहा मागवला. त्या दिवशी मला समजले की आपल्या रीतीतही यांना शिकण्यासारखे काही आहे.

पुढे मी माझी अशी एक पद्धत बसवली. आधी बसायचे. "तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?" असे विचारायचे, आणि जवळ कोण असलेले बरे वाटेल तेही. काहीजण म्हणत, "मला नको, मुलीला सांगा." तोही त्यांचाच निर्णय, मी तो मानायची. मोरोक्कोच्या, रुमानियाच्या, इराकच्या आणि पुढे रशिया व इथिओपियाहून आलेल्या आजीआजोबांशीही मी असेच वागले. हिब्रूत नर्सला 'अखोत' म्हणतात, त्याचा अर्थ बहीण. मुंबईत रोगी मला सिस्टर म्हणत, म्हणजे नाव तेच राहिले. एक मोरोक्कन आजी माझे दोन्ही हात धरून आशीर्वाद देत, तेव्हा माझा सगळा शीण जाई. परदेशात राहण्याचा आनंद म्हणतात तो मला अशा ठिकाणी भेटला.

आणि स्पष्ट बोलणे आपल्या समाजाला अगदीच परके आहे असेही नाही. आपल्या लग्नसंबंधांवर येथे शंका घेतली गेली, तेव्हा आपली माणसे गप्प बसली नाहीत. यरुशलेमच्या रस्त्यावर उतरून त्यांनी आपले म्हणणे मांडले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये कनेसेटमध्ये आपण सर्व बाबतीत यहुदी असल्याचे जाहीर झाले. मान मागताना आपण सरळ बोललो. मग आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मान देताना आपण आडून का बोलावे?

आता 'तू' हा शब्द मला पूर्वीसारखा टोचत नाही. विचार करता लक्षात आले की मराठीतही आपण आईला 'तू' म्हणतो. देवालाही 'तू'च म्हणतो, आणि आपल्या प्रत्येक बेराखेत हिब्रूतही 'अता'च आहे. तेव्हा मान त्या एका शब्दात नसतो. ज्याच्याशी बोलतो त्याच्या आयुष्याचा धनी तोच आहे, हे आपण मानतो की नाही, यात मान असतो. तरीही 'तुम्ही' सोडायला माझे मन तयार नाही. ज्या घरात हा शब्द आहे, तेथे बोलण्याआधी माणूस क्षणभर थांबतो, आणि ते थांबणे मला मोलाचे वाटते.

गेल्या वर्षी शिळ्या सणाला मुले-नातवंडे घरी आली होती. जेवणानंतर मी मुलांना सांगितले, "माझ्यावर वेळ आली तर मला सगळे सांगा. पण दारात उभे राहून नको, बसून सांगा." मुलगा म्हणाला, "सणाच्या दिवशी कसले बोलणे हे, आई!" नातीने मात्र हिब्रूत विचारले, "आणि तुझ्याजवळ कोण हवे?" ती मला 'तू'च म्हणते. तिच्या त्या प्रश्नाने माझे डोळे भरून आले.

ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ते धडधाकट आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, काय करायचे राहिले आहे, ते विचारा. कोणत्या भाषेत विचारता याला महत्त्व नाही. त्यांच्याकडे बघून विचारा.